भट्टीची घडवंची

२७ मार्च १९३२

सगळं आडवं झालं! खाली डेरा, डेऱ्यावर मडकं, मडक्यावर गार पाण्याचं पातेलं — तीन दगडांवर तिघांनी किती वेळ तग धरायचा? आधी पातेलं कललं, मग मडकं, मग आठ दिवस आंबवलेली मोहाची फुलं उकळती अंगावर आली. माझा डावा पाय घोट्याखाली सोलला. लोटन ओसरीवर बसून हसला. माझा नातू. मी म्हटलं, हस बाबा, भाजला तो पाय माझा, सांडली ती तुझी. तेव्हा त्याचं हसू थांबलं.

हे लिहिते ती धुरपदा, माझी नातसून. दोंडाईच्याची. चार बुकं शिकलेली. या घरात अक्षर ओळखणारी ही एकटीच, गाय धरली तरी. मी बोलायचं, हिने लिहायचं. वरची इंग्रजी तारीखही हिचीच.

वही कशाला? माझी सासू मोहाची फार चांगली पाडायची. तिची रीत तिच्याबरोबर गेली, मला निम्मीच आठवते. या वेळी जे जमेल ते कागदावर राहू दे. आणि हिचं तोंड उघडत नाही, निदान हात तरी चालेल.

२८ मार्च

कालचं वाचून घेतलं. मी सांगितलं होतं त्यातलं शेवटचं नाहीच! पातेलं कोसळलं, लोटन हसायचा थांबला, मग उठून त्याने हिला वेणीला धरून गोठ्याभोवती फिरवलं — हे मी काल सांगितलं होतं. ही म्हणते, भट्टीचं लिहायचं होतं ना. म्हटलं, हेही भट्टीचंच. लिही.

लोटन रोज शिरपूरला ठेकेदाराच्या गुत्त्यावर जातो. तिथे धनसिंग नावाचा ठेकेदाराचा माणूस आहे, मानेच्या जागी खांदाच आहे, मान नाही. लोटन चार घोटांनंतर भांडतो. धनसिंग त्याला बडवून बाहेर टाकतो. धनसिंगला उलटून मारायची याची छाती नाही. मग दोन कोस चालत येतो, आणि तो मार ज्याला द्यायचा ते माणूस घरात भाकरी थापत असतं. मागच्या पोळ्याला हिला पाचवा महिना होता. त्याने लाथ घातली. सुईणीने परसातल्या लिंबाखाली पुरलं. मुलगा होता.

आता पुन्हा तिसरा लागलाय.

म्हणून माझी भट्टी. दारू घरी मिळाली की शिरपूर नको, धनसिंग नको, मार घेणं नको, मार देणं नको. आणि कमी-जास्त माझ्या हातात. घरी पाडायला सरकारची मनाई आहे, पाडायचा हक्क म्हणे ठेकेदाराचा. मोहाचं झाड ठेकेदाराने लावलं होतं का?

फक्त तीन दगड चालायचे नाहीत. लोटनच्या घरात काहीही मांडायचं तर ते लाथ खाऊन उभं राहील असंच मांडावं लागतं.

१ एप्रिल

चिंधा सुताराला बोलावलं. म्हटलं, मला घडवंची हवी. किती घागरींची? एकावर एक तीन. तो म्हणाला, तीन घागरींना दोन बांबू पुरतात. मी म्हटलं, बांबू नको, आमची जुनी बैलगाडी मोड. माझ्या नवऱ्याची गाडी ती. मालक गेला, बैल गेले, उगाच कोंबड्या अंडी घालतात तिच्यात. चिंधा गाडीकडे बघतो, माझ्याकडे बघतो.

"घागर ठेवनी शे का हत्ती बांधना शे?"

म्हटलं, अखाजी येते आहे. अखाजीला पितरांची घागर भरायची. माझ्या घरचे पितर जड आहेत.

हसला. पण नाक त्यालाही आहे. गोठ्यातला आंबूस वास त्याला कळला नसेल असं नाही. दोरी काढून मापं घ्यायला लागला.

मापं लिहून ठेव, धुरपदा. चार खांब बाभळीचे, माझ्या खांद्याएवढे. प्रत्येक खांब हातभर जमिनीत. खांब सरळ नाही पुरायचे, खाली पाय फाकवून, दूध काढायला उभ्या राहिलेल्या म्हशीसारखे. गाडीच्या धुऱ्यांच्या आडव्या पट्ट्या, खिळे नाहीत, भोकं पाडून खुंट्या. चाकाच्या मधलं लोखंडी कडं मधोमध — त्यात डेऱ्याचं पोट अडकून बसेल. वर दुसरी चौकट मडक्याला. खाली चूल. खांबांना जाळ लागू नये म्हणून शेणमातीचा बोटभर लेप.

४ एप्रिल

चिंधाने दोन खांब बुडखा वर करून पुरले. झाडसुद्धा असं उलटं उभं राहत नाही. काढायला लावले. दुपार गेली.

६ एप्रिल

झाली! आधी मी स्वतः वर बसून बघितलं. नंतर चिंधाला बसवलं. नंतर दोघं. धुरपदा म्हणाली, मोठी माय, गावाने बघितलं तर? म्हटलं, या वयात निदान कुणी संशय तरी घेईल.

१४ एप्रिल

पहिली भट्टी उतरली. सासूची रीत आठवत आठवत केलं. सांधे कणकेने लिंपले. खाली जाळ मंद. वरच्या पातेल्यातलं पाणी तापलं की काढायचं, गार घालायचं. ते झालं एक पाणी. वाफ पातेल्याच्या बुडाला लागते, तिथून आतल्या गाडग्यात टिपटिप पडते. पहिल्या पाण्याची धार काडी लावली तर निळी जळते. तिसऱ्यापर्यंत माणसाची. सहाव्या-सातव्याला नुसता वास, नशा बाहेरच्या बाहेर.

पहिल्या धारेची मी मडक्यात भरून कणगीत पुरली. लोटनला दिली सहाव्या पाण्याची. मोठ्या पेल्यात. तो प्यायला, ढेकर दिली, म्हणाला, हं. आणि झोपला. जागा झाला तेव्हा शेजाऱ्याच्या वखराला गेला!

१७ एप्रिल

तीन दिवस. घरात आवाज नाही. धुरपदा काल कोंबडीला हाकलताना हसली. हिच्या वरच्या दातांत फट आहे. लग्नाला चार वर्षं झाली, मला माहीत नव्हतं.

घडवंचीवर हात फिरवून येते मी रोज. कोणाला सांगता येत नाही एवढंच दुःख.

१९ एप्रिल

हे आज लिहायचं नाही म्हणते. मी म्हटलं, आजच.

काल लोटनने पेला माझ्यासमोर जमिनीवर ओतला.

"माले काय पाणी पाजी राहिनी का, मोठी माय?"

आणि गेला शिरपूरला. चार दिवस गुत्त्याला न आलेला माणूस, तोंडाला तरी मोहाचा वास — धनसिंगने ओळखलं. घरी पाडतोस का म्हणून त्याला खांबाला टेकवून मारलं. चांगलं केलं म्हणावं तर उजवा कान निम्मा फाटून लोंबत होता. रक्त गळ्यापर्यंत. असा तो परसातून गोठ्यात आला. धुरपदा चुलीत लाकूड सारत होती. जुवाची शिवळ, बाभळीची जाड खुंटी, भिंतीला टांगलेली असते, हातभर लांबीची. ती त्याने काढली. पहिला घाव हिच्या पाठीत, दुसरा खांद्यावर. ही पोटाशी गुडघे घेऊन पडली, पोट झाकून. मी मध्ये गेले. त्याने मला एका हाताने असं बाजूला केलं की मी गव्हाणीत जाऊन बसले, गाईच्या समोर, वैरणीसारखी.

मग त्याची नजर घडवंचीवर गेली. हीच सगळ्याचं मूळ, म्हणाला. चार पावलं मागे गेला आणि धावत येऊन लाथ घातली.

घडवंची हलली नाही. डेऱ्यातलं पाणीसुद्धा हललं नाही.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. हिरव्या उसासारखा. तो खाली पडून ओरडायला लागला, आणि मी गव्हाणीत बसून हसले. पोट धरून हसले. नंतर लक्षात आलं, रडते आहे.

तो अकरा दिवसांचा होता तेव्हा त्याची आई गेली. माझा रुपचंद, त्याचा बाप, पुढे तापाच्या साथीत गेला. शेळीच्या दुधात कापूस भिजवून मी याला चोखवला. त्याचा पाय मीच धरून बसले. धुरपदाने पाणी आणून दिलं, तिरकी चालत.

२० एप्रिल

डोंगरातून पुना आली. हाडं बसवते. नडगी ओढली तेव्हा लोटनची किंकाळी वेशीपर्यंत गेली. बांबूच्या कामट्या बांधल्या, दोन महिने खाटेवर म्हणाली. गावाला सांगितलं, पडला. पुनाने जाताना धुरपदाची पाठ बघितली. मला म्हणाली, ही पाठ आधी बघितली असती तर मी त्याचा पाय जरा वाकडा बसवला असता.

२३ एप्रिल

माझी चूक लिहून ठेव. नाव माझं घाल.

ठणक्याने तो ओरडायचा. लहान असताना ओरडायचा तसा, श्वास अडकून. मला ऐकवेना. कणगीतलं मडकं काढलं, पहिल्या धारेची दिली. एक पेला. नंतर तो रोज ओरडायला लागला. ठणका नसतानाही.

खाटेवरचा माणूस मारू शकत नाही असं मला वाटलं. तांब्या फेकता येतो. हिची भुवई चार बोटं फाटली. काठी जवळ असते, काठी फेकून पुन्हा आणायला लावता येते.

म्हणून मी खाटेवर झोपून बघितलं. तो बाहेर होता, दोघा शेजाऱ्यांनी परसाकडला नेला होता. हात लांबवला, हातात काठी धरली, जिथपर्यंत टोक पोहोचलं तिथपर्यंत राखेची रेघ मारली. धुरपदाला सांगितलं, या रेघेच्या आत पाय नाही टाकायचा. जेवण मी देईन. ही म्हणाली, मोठी माय, रामायणात उलटं असतं. म्हटलं, ते घर मोठं होतं.

२६ एप्रिल

त्याने गोड हाक मारली. ही गेली.

३ मे

मागची ओळ आणि आजचं सगळं अक्षर डाव्या हाताचं आहे. फार वाकडं आलंय म्हणते. मला सरळ असतं तेव्हाही असंच दिसतं.

त्या दिवशी मी नदीवर होते. तो म्हणाला, पाणी दे वं धुरपदे, घसा सुकला. रेघ ओलांडून ही गेली. मनगट धरलं. विचारलं,

"तू काय लिखस?"

त्याने दुपारी आम्हाला गोठ्यात बघितलं होतं, खाटेवरून, दाराच्या फटीतून. त्याला वाटलं, ही माहेरी पत्रं लिहिते. त्याच्या खाटेखाली शेगडी असते, पुनाने शेकायला सांगितलेली. हिचा उजवा पंजा त्याने निखाऱ्यांत दाबला आणि दाबून धरला. ही ओरडली नाही म्हणते. पत्र नाही, असंही म्हणाली नाही. वही कुठे आहे ते सांगितलं नाही.

मी आले तेव्हा घरभर वास होता. मला वाटलं, बकरं.

मुसळ घेऊन मी त्याच्या चांगल्या पायापाशी उभी राहिले. हाणणारच होते. तो माझ्याकडे बघत म्हणाला, मार ना. नाही मारलं. हात वर राहिला, खाली येईना. चोवीस वर्षांची सवय.

हे लिहिणं माझं होतं. माझ्या हौसेचं. हात हिचा गेला. दोन बोटं मिटत नाहीत.

मी म्हटलं वही बंद करू. ही म्हणाली, सांगा तुम्ही, डावा आहे.

५ मे

हिचा भाऊ आला, भाईदास. मुऱ्हाळी. अखाजीला लेकीबाळी माहेरी जातात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. न्यायला भाऊ येतो. पाठीला गूळ-शेंगदाण्याची पिशवी, डोक्याला नवी टोपी. ओसरीत बसून फार अदबीने म्हणाला,

"माय वाट देखी राहिनी, भाऊजी."

लोटन म्हणाला, "तिले लई गया ते तुना पाय तोडसु."

स्वतःचा एक कामट्यांत असताना! मी तसं म्हटलं. कोणी हसलं नाही. भाईदासला बहिणीचा हात दिसला होता. फडक्यात होता, तरी दिसला. तो गरीब माणूस, मानेने हो म्हणणारा. पिशवी ठेवली आणि उठला.

नवऱ्याने हो म्हटल्याशिवाय बाई मुऱ्हाळ्याबरोबर निघत नाही. आणि निघाली तरी काय? अखाजी संपते. पंधरा दिवसांनी सगळ्या लेकी परत येतात, चुलीशी उभ्या राहतात. आश्विनात हिचे दिवस भरतील. तोवर त्याचा पाय भरलेला असेल, लाथ घालण्याइतका.

मी वेशीपर्यंत भाईदासबरोबर गेले. विचारलं, तू परत कुठून जाणार? म्हणाला, सरळ. मी म्हटलं, शिरपूरवरून जा. तिथे अबकारीचं ठाणं आहे. तिथे पाणी पी. पाणी प्यायला तोंड उघडावं लागतं.

त्याने टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाला, पण मोठी माय, नेतील ते तुम्हाला. म्हटलं, घर लोटनचं, आधी घरधन्याला नेतील; मला नेलं तर धुळ्याचा तुरुंग मी बघितलेला नाही.

६ मे

हिला सांगितलं. लिहिता लिहिता हिचा हात थांबला. म्हणते, तुम्ही गेलात तर या घरात मी आणि तो.

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. घडवंचीला चार पाय दिले, आणि बेत मात्र एका पायावर उभा केला.

आता भाईदासला परत बोलावता येत नाही.

अखाजीचा दिवस

सकाळी पितरांची घागर भरली, वर लहान मडकं, त्यावर खरबूज. धुरपदाने डाव्या हाताने हळदकुंकू वाहिलं. गावात झोक्यांवर पोरी गात होत्या. ते आले दुपारी. एक फौजदार, तीन शिपाई, आणि वाट दाखवायला धनसिंग! नाकाने हुंगत सरळ गोठ्यात.

डेरा फोडला. मडकं फोडलं. उत्साह एवढा की ओसरीत येऊन पितरांची घागरही फोडली. माझे सासरे, नवरा, रुपचंद — तिघांचं पाणी उंबऱ्यावरून वाहून गेलं. फौजदार वरमला.

मग घडवंची. मुद्देमाल म्हणून न्यायची होती. एका शिपायाने ओढली. दोघांनी ओढली. धनसिंगने खांदा लावला, त्याचं धोतर सुटलं. शेवटी कुदळीने खांब खणून काढले आणि शेजारच्या गाडीवर आठ माणसांनी चढवली. मला जे वाटलं ते लिहू नको. बरं, लिही. फार बरं वाटलं.

फौजदाराने ओसरीत येऊन विचारलं, भट्टी कोणाची? मी तोंड उघडलंच होतं. लोटन खाटेवरून आधी बोलला.

"मनी बायकोनी शे. दोंडाईचानी शे ती, तठेच शिकनी."

धनसिंगने हिच्या थोबाडीत दिली. फौजदाराने नाही अडवलं. ही भिंतीला टेकून उभी राहिली, जळका हात पोटावर धरून, आणि माझ्याकडेही बघितलं नाही.

मी गप्प राहिले. गावात संध्याकाळपासून म्हणताहेत, म्हातारी पहिल्यांदा गप्प बसलेली बघितली. तिघांनाही कचेरीत हजर राहायचं आहे.

१२ मे

धुरपदा रोज विचारते, तुम्ही काय सांगणार? मी म्हणते, खरं. मग ही आणखी घाबरते.

लोटन काल मला म्हणाला, मोठी माय, तुला कोणी आत टाकणार नाही, म्हातारी आहेस. माझा पाय असा. तिला दोन महिने होतील, सुधारेल. आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. कानाची खपली निघत आलीय. मी तेल लावलं.

२ जून

शिरपूरहून आत्ता आलो. भाईदासची गाडी दारात उभी आहे, धुरपदा माहेरी जाणार. तेवढ्यात हे.

घडवंची कचेरीच्या अंगणात उभी केली होती. मॅजिस्ट्रेटसाहेब तिच्याभोवती फिरले. हात लावून बघितला. म्हणाले, एवढं भक्कम काम बायकांचं दिसत नाही.

मी म्हटलं, नाही साहेब. माझ्या नातवाने बांधली. वरची चौकट बसवताना घसरून त्याचा पाय मोडला.

चिंधाला उभं केलं. मी त्याला काही शिकवलं नव्हतं. तो म्हणाला, खांब मी तासले, मापं लोटनने दिली.

सहा महिने. धुळ्याला नेलं.

लोटन ओरडला नाही. "मोठी माय," एवढंच म्हणाला. मी त्याच्याकडे बोट दाखवलं होतं, ते अजून वरच होतं.